एंजिनाचें अजीर्ण

पावसाळ्याची सकाळ आहे, कचेरीची वेळ जवळ आली आहे, आणि अंगणांतील स्कूटर कांहीं केल्या सुरू होत नाहीं, हा प्रसंग ज्यांच्या घरीं एकदांहि घडला नाहीं असे आमचे वाचक थोडेच असतील. आमच्या घरीं तो दर पावसाळ्यांत चार-सहा वेळां तरी घडे. प्रथम वडील किक मारीत. ते दमले म्हणजे थोरले बंधु मारीत. मग आमची पाळी येई. प्रत्येक नव्या पायाबरोबर नवी उमेद आणि उजव्या मुठीस आणखी एक पीळ. अखेर शेजारचे अण्णा हातांतील वर्तमानपत्र कठड्यावर ठेवून खालीं येत आणि शांतपणें म्हणत, "नाना, आतां पुरे करा. तिनें पेट्रोल जास्त घेतलें आहे. दहा मिनिटें तिला हात लावूं नका." वडिलांस हा सल्ला मुळींच रुचत नसे. कचेरीची वेळ टळत असतां दहा मिनिटें स्वस्थ बसा असें सांगणारा मनुष्य त्या घटकेस शत्रूच वाटतो. परंतु बहुधा अण्णांचेंच म्हणणें खरें ठरे. दहा मिनिटांनीं तीच स्कूटर दुसऱ्या-तिसऱ्या लाथेस, काळ्या धुराचा एक लोट सोडून, चालूं होई.

लहानपणीं आम्हांस याचें मोठें नवल वाटे. पेट्रोल संपलें म्हणजे गाडी बंद पडते हें पोरासहि कळतें. पण पेट्रोल फार झालें म्हणून गाडी चालत नाहीं, ही गोष्ट सहजासहजी पटण्यासारखी नव्हती. आमचे फिटर या दुखण्यास 'ओव्हरफ्लो' म्हणतात. आम्हांस मात्र वैद्यकांतील जुना शब्दच अधिक योग्य वाटतो. हें एंजिनाचें अजीर्ण होय. उपासानें क्षीण झालेला रोगी आणि अजीर्णानें पडलेला रोगी हे दोघेहि अंथरुणावर सारखेच निपचित दिसतात. पण जें एकाचें औषध तेंच दुसऱ्याचें विष. हें न ओळखतां केलेली धडपड रोग वाढविते. पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटर नामक उपकरणाचा सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहूं गेलें तर तो एका दृष्टीनें या अजीर्णाचाच इतिहास आहे. तो आज सांगण्यास आणखी एक कारण आहे. हें उपकरण आतां नव्या गाड्यांतून जवळजवळ नाहींसें झालें असून त्याबरोबर अण्णांसारख्यांचें शहाणपणहि अस्तंगत होत आहे.

प्रथम एंजिनाचा आहार कोणता तें पाहूं. पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों तें ढोबळ अर्थानेंच खरें आहे. जळते ती त्याची वाफ, आणि तीहि हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळली असेल तरच. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. घनफळानें हाच हिशेब केला तर वाचक चकित होतील : एक लिटर पेट्रोल नीट जळण्यास सुमारें नऊ हजार लिटर हवा लागते. तेव्हां एंजिनाचें मुख्य अन्न पेट्रोल नसून हवा आहे, आणि पेट्रोल हें त्या अन्नांतील मीठ आहे, असें म्हटलें तरी चालेल. हवा वीस भागांच्या पलीकडे गेली तर मिश्रण इतकें विरळ होतें कीं ठिणगी पडूनहि तें पेट घेत नाहीं. ती सात-आठ भागांच्या आंत आली तर तें इतकें दाट होतें कीं तेव्हांहि पेट घेत नाहीं. त्यांत भर म्हणून न जळलेलें पेट्रोल प्लगच्या टोंकास ओलें करतें आणि मुळांत ठिणगीचेंच बळ हरण करतें. या दोन मरणांच्या मधील अरुंद वाटेनें एंजिनास चालवीत नेणें, हेंच कार्ब्युरेटरचें काम.

आरंभीं ही वाट कोणास नीट ठाऊक नव्हती. कार्ल बेन्झ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तिच्यांत पेट्रोल फवारून देण्याची योजनाच नव्हती. एका भांड्यांत हलकें खनिज तेल ठेवावयाचें, त्याच्या पृष्ठभागावरून हवा न्यावयाची, आणि जातां जातां जेवढी वाफ ती उचलील तेवढी एंजिनास द्यावयाची, असा तो सोपा प्रकार होता. दोनच वर्षांनीं, ऑगस्ट १८८८ मध्यें, बेन्झची पत्नी बर्था ही आपल्या ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांस घेऊन, पतीस न सांगतां, मानहाइमहून फोर्झहाइम येथें माहेरीं जावयास या गाडीनें निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत वीसलॉख येथें तेल संपलें, तें तिनें औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. कारण डाग काढण्यासाठीं वापरावयाचें तें तेल तेथेंच मिळे. पुढें तेलाची नळी तुंबली, ती तिनें आपल्या टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. मोटारीच्या इतिहासांतील पहिला लांबचा प्रवास हा असा एका गृहिणीनें केला. त्यांतील दोन्ही संकटें उपासमारीचीं होतीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अजीर्णाचे दिवस अजून यावयाचे होते.

पृष्ठभागावरून वाफ उचलण्याच्या या युक्तींत एक मोठें वैगुण्य होतें. तेलाचा जो अंश हलका तो आधीं उडून जाई आणि भांड्यांत जड गाळ शिल्लक राही. प्रवासाच्या आरंभीचें मिश्रण आणि शेवटचें मिश्रण यांत जमीन-अस्मानाचें अंतर पडे. शिवाय एंजिन जलद फिरूं लागलें म्हणजे एवढी वाफ पुरी पडत नसे. यावर दोन ठिकाणीं, जवळजवळ एकाच वेळीं, एकच उपाय सुचला. बुडापेस्ट येथें दोनात बांकी व यानोश चोंका या दोघांनीं फेब्रुवारी १८९३ मध्यें फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरचें पेटंट मागितलें; आणि जर्मनींत कानस्टाट येथें, हेर्मान नांवाच्या बंद पडलेल्या हॉटेलाच्या उद्यानगृहांत काम करणाऱ्या व्हिल्हेल्म मायबाख यानेंहि त्याच वर्षीं आपला फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली नळीनें पाण्याचा तुषार फुलांवर उडवीत होती, तें पाहून बांकी व चोंका यांस ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कल्पनेचें मर्म तींत बरोबर आलें आहे. मायबाखची कथा आख्यायिका नव्हे. लहानपणींच आईबाप गमावलेला हा मुलगा रॉइटलिंगन येथील एका धर्मादाय संस्थेंत वाढला, आणि त्याच संस्थेच्या कारखान्यांत गॉटलीब डाइमलरची नजर त्याजवर गेली. पुढें या दोघांचा सहवास डाइमलरच्या मृत्यूपर्यंत सुटला नाहीं.

फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरचे मुख्य भाग दोन. एक अरुंद गळा, ज्यांतून एंजिन हवा ओढून घेतें. हवा अरुंद जागेंतून जातांना वेग घेते आणि तेथील दाब कमी होतो. त्या ठिकाणीं पेट्रोलाची बारीक तोटी ठेविली म्हणजे पेट्रोल आपोआप वर ओढलें जाऊन त्याचा तुषार होतो. दुसरा भाग म्हणजे शेजारची लहानशी कुंडी. तींत पेट्रोलाची पातळी तोटीच्या तोंडाच्या किंचित् खालीं, नेहमीं एकाच उंचीवर, राहिली पाहिजे. ती ठेवण्याचें काम एक पोकळ पितळी डबी करते. आपल्या घरच्या पाण्याच्या टांकींत जो फुगा असतो तोच हा प्रकार. पातळी चढली कीं डबी वर तरंगते आणि एक अणकुचीदार सुई पेट्रोलाच्या वाटेंत बसून ती बंद करते. पातळी उतरली कीं डबी खालीं येते आणि वाट मोकळी होते. आमचे फिटर या डबीस 'फ्लोट' म्हणतात, आम्हीहि तेंच म्हणूं. हा फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरचा कोठावळा होय. त्यास डोळे नाहींत, कान नाहींत. खालीं कोणती दिशा आहे एवढेंच त्यास कळतें, आणि तेवढ्या एका ज्ञानावर सर्व कारभार चालतो. या गोष्टीचा पुढें फार उपयोग होणार आहे, म्हणून ती वाचकांनीं ध्यानांत धरावी.

फवाऱ्यानें एंजिनास वेग आला, शक्ति आली. परंतु अजीर्णहि याच वाटेनें घरांत शिरलें. पृष्ठभागावरून वाफ उचलणारें भांडें एंजिनांत द्रव पेट्रोल सहसा ओतूं शकत नव्हतें. नवी तोटी तें सहज करूं लागली. गंमत अशी कीं, पहिल्या काळांत हें मुद्दाम करावयाचें असे. थंड एंजिनांत पेट्रोलाची वाफ नीट होत नाहीं. जेवढें द्यावें त्यांतील बराचसा भाग थंड भिंतीवर दंव होऊन बसतो. म्हणून सुरुवातीस नेहमीपेक्षां अधिक दाट मिश्रण लागतें. त्यासाठीं जुन्या कार्ब्युरेटरांवर एक लहानशी दांडी असे. ती बोटानें दाबली कीं फ्लोट खालीं दबे, सुई उघडे आणि पेट्रोल तोटींतून वर वाहूं लागे. मग हँडल मारावयाचें. पुढें गळ्याच्या तोंडाशीं हवेची वाट अडविणारी झडप आली. तिलाच आपण 'चोक' म्हणतों. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत तिची तार थेट पुढच्या बाजूस आणून ठेविली होती, कारण हँडल मारणाऱ्या मनुष्यासच एका हातानें ती ओढावी लागे.

येथें हाताची परीक्षा होती. तार किती वेळ ओढावी, दांडी किती दाबावी, हें एंजिनाच्या आणि हवेच्या उष्णतेवर अवलंबून असे. कमी झालें तर एंजिन उठत नसे. अधिक झालें तर भिजून पडे आणि मग अर्धा तास उठत नसे. दोन्ही वेळां लक्षण एकच, एंजिनाचें मौन. अननुभवी मनुष्य या मौनाचा एकच अर्थ करी, कीं बिचाऱ्यास भूक लागली आहे. मग तो आणखी तार ओढी. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, आणि हँडलच्या उलट झटक्यानें मनगट मोडण्याचें भय सरलें. परंतु या सोयीनें दुसरी एक अडचण सरली नाहीं, उलट वाढली. हँडल मारणारा मनुष्य दमून तरी थांबत असे. बटण दाबणाऱ्यास थांबण्याचें कारणच उरलें नाहीं. पुढें कार्ब्युरेटरांत एक लहानसा पंप बसविण्यांत आला, तो पायाखालील पेडल दाबतांच गळ्यांत पेट्रोलाची एक पिचकारी सोडी. धांवत्या गाडीस एकदम वेग यावा म्हणून ही योजना. पण बंद गाडींत बसून उतावीळपणें पेडल हापसणारा मनुष्य दर वेळीं एक पिचकारी एंजिनाच्या घशांत ओतीत असतो, हें त्याच्या स्वप्नींहि नसतें.

या दुखण्याची चिकित्सा जुने जाणते लोक कशी करीत, तें थोडक्यांत सांगणें योग्य होईल; कारण जुन्या गाड्या अद्याप कित्येकांनीं प्रेमानें जपल्या आहेत. पहिली तपासणी नाकानें करावयाची. पेट्रोलाचा उग्र वास येत असेल तर उपास नव्हे, अजीर्ण आहे असें समजावें. दुसरी तपासणी डोळ्यांनीं. प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर शंका उरत नाहीं. त्यानंतर प्रश्न असा कीं दोष मनुष्याचा कीं यंत्राचा? मनुष्याचा असेल तर उपाय सोपा आहे. चोक पूर्ण उघडावा, पेडल एकदांच तळापर्यंत दाबून तसेंच धरावें, हापसूं नये, आणि मग स्टार्टर फिरवावा. पेडल तळाशीं नेणें म्हणजे पेट्रोल वाढविणें, असें वाटतें. परंतु हवेची वाट त्यानें सताड उघडते आणि फाजील पेट्रोल वाऱ्यानें वाहून जातें. यानें भागलें नाहीं तर प्लग काढून पुसावे, एंजिन मोकळेंच चार वेळां फिरवावें, आणि थोडा वेळ जाऊं द्यावा. मात्र त्या वेळीं जवळपास विडीकाडी किंवा दिवा नसावा, आणि मोकळ्या तारेची ठिणगी वाफेजवळ उडूं नये, हें सांगावयास नकोच.

दोष यंत्राचा असेल तर गाडी उभी असतांहि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत राहतें. बहुतेक वेळां सुईच्या बैठकींत कचऱ्याचा एखादा कण अडकलेला असतो, आणि कार्ब्युरेटरवर हलकेंसें ठोकल्यानें तो सुटतोहि. कधीं पितळी फ्लोटास सूक्ष्म भोंक पडून त्यांत पेट्रोल शिरतें, तो जड होतो आणि तरंगेनासा होतो. असा फ्लोट कानाशीं धरून हलविला कीं आंतील पेट्रोल बोलतें. गरम पाण्यांत बुडविला तर भोंकाच्या जागीं बुडबुडे दिसतात. तें भोंक डाग देऊन बुजवितां येतें. पण कथिलाचा डाग मोठा झाला तर फ्लोटाचें वजन वाढतें, तो खोल तरंगतो, आणि बरी झालेली व्यथा पुन्हां उभी राहते. औषधाचीहि मात्रा असते ती अशी. उन्हाळ्यांत एक निराळाच प्रकार घडतो. तापलेली गाडी उभी केली म्हणजे एंजिनाच्या उष्णतेनें कुंडींतील पेट्रोल उकळतें आणि आपोआप गळ्यांत सांडतें. अशा वेळीं दहा मिनिटांनीं परत आलेला मालक निर्दोष असूनहि अजीर्णाचा वाटेकरी होतो. अजीर्ण वारंवार झालें तर द्रव पेट्रोल नळकांड्याच्या भिंतीवरील तेल धुऊन नेतें आणि खालच्या वंगणांत मिसळून तेंहि पातळ करतें. तेव्हां ही निव्वळ खोळंब्याची बाब नव्हे; यंत्राचें आयुष्य तींत झिजतें.

येथवर या अजीर्णाची किंमत कचेरीची वेळ चुकणें एवढीच होती. १९४० सालीं तीच प्राणांनीं मोजण्याची पाळी आली.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनच्या स्पिटफायर व हरिकेन या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन एंजिन होतें. बारा नळकांडीं, सत्तावीस लिटरांची सांठवण. त्याचा कार्ब्युरेटर एस. यू. या कंपनीचा. या कंपनीचा मूळ पुरुष जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा पादत्राणांच्या व्यापारी घराण्यांतला, आणि त्याच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत कातड्याचा भाता होता. मर्लिनच्या कार्ब्युरेटरांत कुंडी, फ्लोट व सुई हा मायबाखच्या वेळचा कारभार कायम होता. उलट जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या विमानाच्या डाइमलर-बेन्झ एंजिनांत कार्ब्युरेटरच नव्हता. पेट्रोल पंपानें मोजून थेट नळकांड्यांत फवारलें जाई. ज्या डाइमलरच्या छायेंत फवाऱ्याचा कार्ब्युरेटर जन्मास आला, त्याच्याच नांवाच्या कारखान्यानें तो विमानांतून काढून टाकावा, हा योग विलक्षण खराच. रोल्स-रॉइसनें कार्ब्युरेटर ठेविला तो अज्ञानामुळें नव्हे. पेट्रोल वाफ होतांना हवेस थंड करतें, थंड हवा दाट असते, आणि दाट हवेनें एंजिनाची शक्ति वाढते. हा लाभ त्यांस सोडावयाचा नव्हता.

परंतु त्याचें मोल आकाशांत द्यावें लागलें. शत्रूचा वैमानिक पाठलाग चुकविण्यासाठीं विमानाचें नाक एकदम खालीं दाबून सूर मारी. त्याच्या मागोमाग ब्रिटिश वैमानिकानें तसेंच केलें कीं मर्लिन एंजिन खोकून गप्प होई. आम्ही वर सांगितलें कीं फ्लोटास खालची दिशा तेवढी कळते. नाक एकदम दाबलें म्हणजे विमानांतील सर्व वस्तु क्षणभर वरच्या बाजूस फेंकल्या जातात. जणूं खालचें वर होतें. कुंडींतील पेट्रोल छताशीं जाई आणि तोटी उघडी पडून एंजिन क्षणभर उपाशी राही. हा पहिला झटका. पण खरें संकट पुढेंच. फ्लोट तळाशीं जाई. कुंडी रिकामी झाली असें त्यास वाटे, आणि तो सुई सताड उघडी. पंपाच्या जोरानें पेट्रोलाचा लोंढा आंत येई आणि एंजिन त्यांत बुडून बंद पडे. उपासापाठोपाठ अजीर्ण, आणि तेंहि शत्रूच्या तोफांसमोर! त्या दीड-दोन क्षणांत शत्रु निसटून जाई, किंवा मागें असला तर गांठी. वैमानिकांनीं यावर आपल्यापुरती तोड काढली होती. आधीं विमान कुशीवरून उलटें करावयाचें आणि मग ओढून सूर मारावयाचा, म्हणजे फ्लोटाचें खालीं तें खालींच राही. पण त्यांत वेळ जाई, आणि तेथें वेळ म्हणजेच प्राण.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संशोधनसंस्थेंत बीट्रिस शिलिंग नांवाची एक एंजिनियर स्त्री होती. १९०९ सालीं हँपशायर परगण्यांत एका खाटिकाच्या घरीं तिचा जन्म झाला. मँचेस्टर विश्वविद्यालयांतून तिनें विद्युत्-शास्त्राची पदवी घेतली आणि पुढें यंत्रशास्त्राचाहि अभ्यास केला. ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या वर्तुळावर १९३४ सालीं तिनें आपली नॉर्टन मोटारसायकल ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फिरवून सुवर्णतारका मिळविली होती. म्हणजे एंजिनाचीं दुखणीं तिला पुस्तकांतूनच ठाऊक होतीं असें नव्हे. तिनें प्रश्नाचें मूळ पाहिलें. पंप एंजिनास लागतें त्याहून कितीतरी अधिक पेट्रोल ढकलतो, आणि तें अडविणारा फ्लोट एकटाच आहे. तो फसला कीं सर्व फसलें. फ्लोटास शहाणा करणें शक्य नाहीं. मग वाटच अशी अरुंद कां करूं नये कीं सुई पूर्ण उघडली तरी एंजिनास पूर्ण शक्तीच्या वेळीं जेवढें लागतें तेवढेंच पेट्रोल आंत यावें?

तिनें केलेली वस्तु अंगुस्तानाएवढी होती. पितळेची एक टोपी, तिच्या मध्यें हिशेबानें पाडलेलें एक भोंक. पुढें तिच्या जागीं भोंक पाडलेली साधी चकती आली. ती बसविण्यास विमान कारखान्यांत नेण्याची गरज नव्हती. १९४१ च्या आरंभीं शिलिंग आणि तिचे थोडके सहकारी विमानतळा-विमानतळावर जाऊन ह्या चकत्या बसवीत फिरले. मार्चपर्यंत हें काम बव्हंशीं उरकलें. वैमानिकांनीं त्या चकतीस शिलिंगबाईंच्या नांवानें एक थट्टेचें नांवहि दिलें, आणि तें इतिहासांत टिकलें. हा उपाय परिपूर्ण होता असें नव्हे. उपासाचा पहिला झटका शिल्लक राहिलाच, आणि कांहीं काळानें निराळ्या पद्धतीचे दाबाचे कार्ब्युरेटर आले तेव्हां मूळ दोष गेला. शिवाय १९४० च्या उन्हाळ्यांतील ब्रिटनवरील हवाई लढाई तोंपर्यंत होऊन गेली होती. जे वैमानिक त्या दोषापायीं गेले ते परत येणार नव्हते. पण अजीर्णानें एंजिन मरणें थांबलें, आणि तें थांबलें तें कांहीं नवें भर घालून नव्हे, तर एक वाट थोडी आवळून. बीट्रिस शिलिंग १९९० सालीं वारली.

आतां पुन्हां आपल्या अंगणांत येऊं. पुण्याजवळ आकुर्डी येथें १९७२ सालापासून तयार होऊं लागलेली बजाज चेतक स्कूटर ज्यांनीं वापरली त्यांस एक विधि ठाऊक आहे. गाडी सकाळीं सुरू होईना म्हणजे ती दोन्ही हातांनीं धरून एका कुशीवर कलती करावयाची, क्षणभर तशी ठेवावयाची, पुन्हां उभी करून किक मारावयाची. पाहणाऱ्या परक्या मनुष्यास हा मंत्रतंत्र वाटावा. पण त्यांत शास्त्र आहे. स्कूटर कलती झाली कीं कुंडींतील पातळी बदलते, फ्लोटाचें ठिकाण सुटतें आणि थोडें जादा पेट्रोल गळ्याकडे जातें. जुन्या मोटारींतील दांडी दाबण्याचें काम येथें सबंध गाडीच कलती करून साधलें जाई. सूर मारणाऱ्या स्पिटफायरमध्यें जें प्राणसंकट तेंच आपल्याकडे मर्यादेंत राहिलें तर सकाळचें औषध! मात्र कलती केल्यावर चार-पांच किकांत गाडी बोलली नाहीं, तर पुन्हां कलती करणें म्हणजे अजीर्ण झालेल्यास आग्रहानें आणखी वाढणें होय. त्या वेळीं पेट्रोलाचा कॉक बंद करून, मूठ पूर्ण पिळून, दहा-बारा किका माराव्या. नाहींतर प्लग काढून फडक्यानें पुसावा. आमच्या वडिलांच्या हातून चूक होई ती याच ठिकाणीं, आणि अण्णांचा सल्ला त्या चुकीवरच होता.

मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या टॅक्सींचाहि संसार बरीच वर्षें या उपकरणावर चालला. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९६४ पासून निघालेली फियाट, जी पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें प्रसिद्धीस आली, तिचा कार्ब्युरेटर खोलून, फुंकून, पुन्हां बसविणारे कारागीर गल्लोगल्लीं होते. या टॅक्सींपैकीं पुष्कळ नंतर गॅसवर चालूं लागल्या, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्यापूर्वींच, १ एप्रिल २०२० पासून, भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम देशभर लागू झाले होते. ते पाळण्यासाठीं नव्या मोटारसायकली व स्कूटरींतूनहि कार्ब्युरेटर निघून विजेच्या इशाऱ्यानें पेट्रोल मोजून फवारणारी योजना आली. चेतक हें नांव त्याच वर्षीं पुन्हां बाजारांत आलें, पण तें विजेवर धांवणाऱ्या स्कूटरचें. तिला पेट्रोलच लागत नाहीं, मग अजीर्ण कोठलें?

जें गेलें त्याबद्दल अश्रु ढाळावे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. धूर कमी झाला, पेट्रोल वांचलें, पावसाळ्यांतील सकाळी सुखाच्या झाल्या. हा लाभ थोडा नव्हे. पण जुन्या यंत्रानें आमच्यासारख्या सामान्य घरांतून एक धडा रोज फुकट दिला, त्याची नोंद कोठें तरी राहावी एवढीच इच्छा. अडलेलें काम पाहतांच त्यांत आणखी कांहीं तरी घालावें, आणखी जोर करावा, ही मनुष्याची पहिली बुद्धि. कार्ब्युरेटरानें वेळोवेळीं विचारावयास लाविलें कीं, हें उपाशी आहे कीं अजीर्णानें पडलें आहे? मायबाखच्या पितळी डबीपासून शिलिंगबाईंच्या चकतीपर्यंत ज्यांनीं खरें काम केलें त्या सर्वांनीं हाच प्रश्न आधीं विचारला.

आमचे शेजारी अण्णा आतां हयात नाहींत, आणि ती स्कूटरहि केव्हांच भंगारांत गेली. परवां एका तरुण आप्ताची गाडी पावसांत बंद पडली. ती नव्या तऱ्हेची होती, म्हणून आमचा कांहींच उपयोग झाला नाहीं. तरी संवयीनें आम्ही जवळ गेलों, वास घेतला, आणि म्हणालों, "दहा मिनिटें हिला हात लावूं नकोस." तो हंसला. मग दोघेहि छत्रीखालीं उभे राहिलों.